चिखलणीच्या ट्रॅक्टरचा पुढचा आस बदलताना : तंजावरच्या भातखाचरांतून

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. शेतीच्या अभ्यासकासाठी मात्र तंजावर म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भात. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते आणि कुरुवै हंगामाची लावणी सुरू होते. हे अल्प मुदतीचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. त्याच खाचरात लगेच ताळडी हंगामाचे भात लावायचे असते आणि नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस येऊन ठेपतो. कापणी आणि पुढची लावणी यांत मिळणारे दिवस अगदी मोजके असतात, आणि त्यांतही खाचर बहुतेक वेळा ओलेच असते.

या मोजक्या दिवसांना कीडनियंत्रणाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. भातावरील पिवळ्या खोडकिड्याच्या अळ्या कापणीनंतर धसकटांत, जमिनीलगतच्या भागात तग धरून राहतात. धसकटे वेळेवर नांगरून चिखलात गाडली गेली, तर पुढच्या पिकावर येणाऱ्या पतंगांची संख्या घटते. काम लांबले तर त्याच खाचरातून निघालेले पतंग शेजारच्या रोपवाटिकेवर अंडी घालतात, आणि गाभेमर व पांढरी पळींज यांचा हिशेब दोन महिन्यांनी समोर येतो. म्हणून ओल्या खाचरात न रुतता चालणारा ट्रॅक्टर हे येथे पीकसंरक्षणाचेही साधन ठरते. त्रिभुज प्रदेशातील जड चिकणमातीत मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर जेथे अडतो, तेथे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर पुढे सरकतो, कारण पुढच्या चाकांवरचे वजनही ओढीच्या कामी येते.

ऐन हंगामात असा ट्रॅक्टर बंद पडतो, तेव्हा दोष बहुधा पुढच्या आसात असतो. चिखलाचे पाणी सीलमधून आत शिरते, तेल दुधाळ होते, बेअरिंग जाते. किंवा क्राऊन-पिनियनचे दातच तुटतात. नवा आस महाग पडतो, म्हणून जुन्या ट्रॅक्टरमधून उतरवलेला आस बाजारातून आणला जातो. आणणारा बहुधा तीन गोष्टी पाहतो : बोल्टची भोके जुळतात का, शाफ्टची फ्लँज बसते का, स्टिअरिंगचे सिलिंडर लागते का. चौथी गोष्ट क्वचितच पाहिली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मागचे चाक एक फेरा पूर्ण करते तेवढ्या वेळात पुढचे चाक किती फेरे पूर्ण करते, आणि त्या फेऱ्यांत ते जमिनीवर किती अंतर कापते?

एका गिअरबॉक्सला बांधलेले दोन आस

बहुतेक शेती ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आसाकडे जाणारी शक्ती गिअरबॉक्सच्या शेवटच्या टप्प्यानंतर, म्हणजे मागच्या आसाकडे जाणाऱ्या शाफ्टवरूनच घेतलेली असते. त्यामुळे ट्रॅक्टर कोणत्याही गिअरमध्ये असला तरी पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्यांचे गुणोत्तर तेच राहते. फोर व्हीलची लिव्हर लावली की दोन्ही आस एकमेकांना पक्के बांधले जातात. मोटारीतील काही फोर व्हील ड्राइव्ह वाहनांत दोन आसांच्या मध्ये आणखी एक डिफरेन्शियल असते व ते वेगातला फरक सांभाळून घेते. शेती ट्रॅक्टरमध्ये सामान्यतः ते नसते. फरक पडला तर तो कोठेतरी टायर घसरूनच भरून निघतो.

पुढचे चाक लहान असल्यामुळे त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. कारखान्यात पुढच्या आसाचे गिअर असे निवडलेले असतात की पुढची चाके मागच्यांपेक्षा अगदी थोडी जास्त वेगाने जमीन कापतील. या जास्तीच्या वेगाला येथे आघाडी म्हणू. साधारण १ ते ५ टक्के आघाडी योग्य मानली जाते. आघाडी असली की पुढची चाके सतत ओढत राहतात, स्टिअरिंगला प्रतिसाद मिळतो आणि वळणावर पुढच्या चाकांना जो मोठा वळसा घ्यावा लागतो त्याचीही थोडी सोय होते.

आघाडी शून्याखाली गेली तर पुढची चाके मागे पडतात. ट्रॅक्टर त्यांना फरफटत नेतो, ती ब्रेकसारखी वागतात आणि त्यांनी रस्त्यावरून घेतलेला जोर शाफ्टमधून उलटा मागे येतो. चिखलात याचे लक्षण म्हणजे ट्रॅक्टरचे नाक पुढे माती ढकलू लागते आणि चालक म्हणतो, ‘फोर व्हील लावले की गाडी जड होते.’ उलट आघाडी फार वाढली, तर सगळी ओढ पुढच्या आसावर येते. पुढचा आस मागच्या आसाइतका भार घेण्यासाठी बनवलेला नसतो. तो आधी झिजतो आणि मग तुटतो.

मऊ चिखलात चाके एरवीही बऱ्यापैकी घसरतात, त्यामुळे दोन-चार टक्क्यांची विसंगती त्या घसरण्यात लपून जाते. कठीण जमिनीवर मात्र घसरायला वाव नसतो. ३ टक्के आघाडी असलेला, म्हणजे पूर्णपणे निर्दोष ट्रॅक्टरसुद्धा लिव्हर लावून डांबरी रस्त्यावर १०० मीटर चालवला, तर जवळपास ३ मीटर एवढे अंतर टायरला रस्त्यावर घासूनच भरून काढावे लागते. घासले नाही तर तेवढा पीळ शाफ्टमध्ये साठतो. रस्त्यावर आल्यावर लिव्हर सुटता सुटत नाही, याचे कारण हाच पीळ.

आकड्यांत पाहू

समजा, मागचे चाक एका फेऱ्यात ४.०० मीटर पुढे जाते आणि पुढचे ३.१० मीटर. गिअरच्या रचनेनुसार मागच्या एका फेऱ्याला पुढचे चाक १.३३ फेरे घेते. म्हणजे मागचे चाक ४.०० मीटर कापते तेवढ्यात पुढचे ३.१० × १.३३, म्हणजे ४.१२ मीटर कापू पाहते. आघाडी सुमारे ३ टक्के. सर्व ठीक.

आता पुढच्या टायरच्या नक्षीचे उंचवटे १५ मिलिमीटरने झिजले असे मानू. चाकाची त्रिज्या तेवढी कमी होते आणि एका फेऱ्यातील अंतर सुमारे ९ सेंटिमीटरने घटून ३.०१ मीटरवर येते. त्याला १.३३ ने गुणले तर येतात ४.०० मीटर. आघाडी संपली. आस बदललेला नाही, गिअर बदललेला नाही, फक्त टायर झिजला. याच वेळी मालकाने मागचे दोन टायर नवे बसवले असतील, तर पुढची चाके आता ब्रेक झाली आहेत.

दुसरी परिस्थिती अशी : मागे मूळ मापाऐवजी थोडे अरुंद व कमी उंचीचे, एका फेऱ्यात ३.८६ मीटर जाणारे टायर बसवले. पुढे काहीच बदल नाही. ४.१२ भागिले ३.८६ केले की आघाडी जवळजवळ ७ टक्क्यांवर जाते. टायर विकणाऱ्याला याची कल्पना नसते आणि ट्रॅक्टर नांगराला जुंपल्यावर पहिल्या दिवशी काही जाणवतही नाही.

टायरच्या एका जोडीने एवढा फरक पडतो, तर वेगळ्या ट्रॅक्टरचा आस बसवल्यावर काय होईल याचा अंदाज करता येतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पुढच्या आसाचे गुणोत्तर वेगळे असू शकते. पुण्याजवळ रांजणगावला कॅरारो कंपनीचा कारखाना ट्रॅक्टर व बांधकाम यंत्रांसाठी आस बनवतो. अशा पुरवठादाराकडून बाहेरून सारखे दिसणारे आस वेगवेगळ्या ट्रॅक्टरांसाठी आतल्या वेगवेगळ्या गिअरसह तयार होऊ शकतात. म्हणून आसावरील धातूची पट्टी व तिच्यावरचा क्रमांक शाबूत आहे का हे आधी पाहावे. पट्टी काढून टाकलेला आस स्वस्त मिळतो, पण त्याचे गुणोत्तर मग स्वतःच मोजावे लागते.

जुन्या जीपचा हिशेब

हाच प्रश्न शेतावरच्या जुन्या जीपमध्ये अधिक सोप्या रूपात भेटतो, म्हणून समजावून सांगताना विस्तार कार्यकर्त्याने तेथून सुरुवात करणे सोयीचे. जीपची चारही चाके सारखी असतात. त्यामुळे पुढच्या व मागच्या आसाचे गुणोत्तर एकच असावे लागते. आघाडीचा प्रश्नच नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दात होते, म्हणजे गुणोत्तर ४.८८. पुढे नागरी वापरासाठी आलेल्या सीजे मालिकेत, जिच्या जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत सुरू केली, ४३ व ८ दातांचा म्हणजे ५.३८ गुणोत्तराचा संच आढळतो. दोन्ही आस बाहेरून बरेच सारखे. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ बसले तर पुढची चाके १० टक्के जास्त वेगाने फिरू पाहतात. लिव्हर न लावता ही जीप वर्षानुवर्षे तक्रारीविना चालेल. पावसाळ्यात रुतली, लिव्हर लावली, बाहेर निघाली आणि कठीण रस्त्यावर तशीच चालवली, तर पहिला आवाज पुढच्या डिफरेन्शियलचा येईल.

जीपचे गुणोत्तर आस न उघडता कळते. गाडीची बाकीची चाके ठोकळ्यांनी पक्की अडवून एकच चाक उचलावे, त्या आसाचा शाफ्ट मोकळा फिरेल असे पाहावे आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे. डिफरेन्शियलमुळे एका चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा होतो. शाफ्टवर खडूची खूण केलेली असली की त्याचे फेरे मोजता येतात : पाचला किंचित कमी पडले तर ४.८८, पाच पूर्ण होऊन वर एकतृतीयांशाहून थोडे अधिक झाले तर ५.३८.

ट्रॅक्टरची मोजणी

ट्रॅक्टरसाठी मोजपट्टीही लागत नाही. खडू आणि दोन माणसे पुरतात. टायरमध्ये नेहमीची हवा असावी. मागच्या व पुढच्या चाकावर एकेक ठळक खूण करावी. फोर व्हीलची लिव्हर सोडून, अवजार उचललेले ठेवून, कठीण व सपाट जागेवर ट्रॅक्टर सरळ रेषेत सावकाश चालवावा. मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे किती झाले, हे दुसऱ्या माणसाने बाजूने, चाकापासून सुरक्षित अंतर ठेवून मोजावे. त्यानंतर मऊ कोरड्या मातीत, लिव्हर लावून, पुन्हा मागच्या १० फेऱ्यांना पुढचे फेरे मोजावेत.

पहिल्या वेळी पुढचे चाक मोकळे असते, म्हणून ते जमीन जेवढे फिरवेल तेवढेच फिरते. दुसऱ्या वेळी गिअर फिरवतील तेवढे फिरते. वरच्या उदाहरणातील ट्रॅक्टरवर पहिली मोजणी १२.९ फेरे येईल व दुसरी १३.३. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की १.०३, म्हणजे ३ टक्के आघाडी. दोन्ही आकडे सारखे आले तर आघाडी शून्य. दुसरा लहान आला तर पुढची चाके ओढली जात आहेत.

अपूर्ण फेरा मोजण्यासाठी टायरच्या नक्षीचे उंचवटे कामाला येतात. एका बाजूला २० उंचवटे असतील तर खुणेपासून पुढे गेलेले ६ उंचवटे म्हणजे ०.३ फेरा. एक उंचवटा चुकला तर उत्तरात सुमारे ०.४ टक्क्याचा फरक पडतो. म्हणून १० ऐवजी २० फेरे मोजणे चांगले. ही मोजणी हंगामापूर्वी, टायर बदलल्यानंतर आणि आस बदलल्यानंतर अशी तिन्ही वेळा करावी. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ज्या गावात ट्रॅक्टर भाड्याने चालतात तेथे कृषी सहायकाने एकदा सर्वांसमोर करून दाखवले तर सांगण्याची गरज उरत नाही.

आस निवडताना

सुटा आस विकत घेताना त्याच्या मधल्या पिनियन शाफ्टला हाताने १२ फेरे द्यावेत आणि दोन्ही हब किती फिरले ते पाहावे. दोघांचे फेरे मिळवून निम्मे करावेत. ते १ आले तर त्या आसाचे एकूण गुणोत्तर १२. हबमध्ये ग्रहीय गिअर असोत वा बेव्हल गिअर, या मोजणीत सर्व टप्पे आपोआप धरले जातात. मूळ आसाची अशीच मोजणी करता आली, तर पुढचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. पुढचे टायर तेच ठेवायचे असतील तर गुणोत्तर तेच हवे. टायरही बदलणार असतील, तर टायर ज्या प्रमाणात लहान होईल त्याच प्रमाणात गुणोत्तराचा आकडाही लहान हवा. मूळ गुणोत्तर १२ आणि टायर ३.१० मीटरचा असेल व नवा टायर २.८० मीटरचा असेल, तर हवे असलेले गुणोत्तर १२ × २.८० ÷ ३.१०, म्हणजे सुमारे १०.८. तेथे १२ चाच आस ठेवला तर पुढची चाके जवळजवळ ७ टक्क्यांनी मागे पडतील.

पिनियन फिरवतानाच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी : हब कोणत्या दिशेला फिरतात? काही आसांत क्राऊन पिनियनच्या डाव्या अंगाला असते, काहींत उजव्या. चुकीचा आस बसला तर पुढची चाके उलट फिरतात. हे ऐकायला हास्यास्पद वाटते, पण सर्व जोडणी पूर्ण झाल्यावर, तेल भरल्यावर लक्षात येण्याइतके सहज आहे.

भातखाचरासाठी आसाचा प्रकारही विचारात घ्यावा. बेव्हल गिअरचे उभे हब असलेल्या आसात मधला भाग जमिनीपासून उंच राहतो, वळणाचा कोन मोठा मिळतो आणि चिखलाला उघडा असा सांधा नसतो. ग्रहीय हबचा आस भार चांगला घेतो. ओढीची जड कामे जास्त असतील तेथे तो बरा. चिखलणी हेच मुख्य काम असेल तर पहिला पसंत करावा. भारक्षमता, दोन चाकांमधील अंतर, मधल्या खिळीची जाडी या बाबी मूळ आसाप्रमाणे असाव्यात, हे वेगळे सांगायला नको. बुदनी (मध्य प्रदेश) येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेच्या परीक्षण अहवालांत त्या त्या ट्रॅक्टरच्या टायरची मापे आणि गिअरनिहाय वेग दिलेले असतात. मूळ टायर कोणते होते याविषयी मतभेद असेल तेथे हा अहवाल पाहावा.

केज व्हील आणि बांध

तंजावरच्या खाचरांत चिखलणीसाठी मागे लोखंडी केज व्हील लावण्याची पद्धत आहे. टायरला जोडून लावलेले अर्धे केज टायरपेक्षा कमी उंचीचे असते. ते टायर रुतल्यावरच जमिनीला लागते, त्यामुळे आघाडीवर त्याचा परिणाम मर्यादित राहतो. टायर काढून त्या जागी पूर्ण केज व्हील लावले, तर मागच्या चाकाचा घेर बदलतो आणि कारखान्याने साधलेला मेळ पार मोडतो. खोल चिखलात हे खपून जाते. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना, बांध ओलांडताना किंवा कालव्याकाठच्या कठीण वाटेवर मात्र खपत नाही, आणि तंजावरमध्ये खाचरे, बांध आणि कालवे यांचेच जाळे आहे. चालक दिवसातून कितीतरी वेळा चिखलातून कठीण जमिनीवर आणि परत चिखलात जातो. लिव्हर तशीच लावलेली राहते. आस तुटतो तो खाचरात, म्हणून दोष चिखलाला दिला जातो; भेग मात्र बांधावर आणि वाटेवर पडलेली असते.

जिल्ह्यातच मातीचा फरकही आहे. वेण्णार व कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशात जड चिकणमाती आहे, तर ग्रँड ॲनिकट कालव्यावरील पट्टुक्कोट्टै भागात तुलनेने हलकी, तांबूस जमीन आढळते. एकाच ट्रॅक्टरची तीच विसंगती पहिल्या ठिकाणी लपेल आणि दुसऱ्या ठिकाणी टायरच्या झिजेतून दिसेल. भाड्याने दोन्हीकडे फिरणाऱ्या ट्रॅक्टरला अधिक काटेकोर मोजणी हवी.

महाराष्ट्रात हीच स्थिती भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या भातपट्ट्यात आणि कोकणात पाहता येते. कोकणात खाचरे लहान, उतारावर आणि बांध उंच. तेथे मातीपेक्षा बांध ओलांडण्याचाच ताण जास्त. पूर्व विदर्भात जेथे उन्हाळी भात घेतले जाते, तेथे खरिपाची धसकटे लवकर गाडण्याची निकड तंजावरइतकीच आहे, कारण खोडकिडा तोच आहे.

बदललेल्या आसाचे पहिले तेल लवकर, साधारण ५० तासांच्या कामानंतर काढून पाहावे. दुधाळ रंग म्हणजे सीलमधून पाणी शिरले आहे. झाकणाच्या चुंबकाला बारीक भुकटी चिकटली असेल तर काळजी नाही. चकाकणारे कण किंवा कंगोरे सापडले तर आघाडी पुन्हा मोजावी, आणि ती जुळेपर्यंत फोर व्हीलची लिव्हर फक्त खाचराच्या आतच लावावी.